दोन बोटं ढील

५ मार्च

चि. आवळ्यास,

पत्र लिहिण्याचं कारण असं की परवा, रविवारी सकाळी सव्वासात वाजता, तू बनवून दिलेल्या रॅकवरून एक कायाक हमरस्त्यावर उडाली. फोन करण्यात अर्थ नव्हता. ग्राइंडरच्या आवाजानं तुझे कान गेले आहेत आणि फोनवर तू प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणतोस. शिवाय मला हे लेखी हवं आहे.

कायाक म्हणजे काय हे तुला ऐकून माहीत असेल, पाहून नाही. तुझी मुलगी, बारकी, माझ्याकडे राहून दोन वर्षं ती चालवते आहे, पण तू एकदाही पाण्याकडे फिरकला नाहीस, म्हणून सांगते. एकट्यानं बसायची अरुंद होडी, प्लास्टिकची, सव्वाचार मीटर लांब, पंचवीस किलो वजनाची. आमच्या वल्हे मंडळाच्या अशा सहा आहेत आणि त्यांची वाहतूक गेली पाच वर्षं माझ्याकडे आहे. ट्रक बाबांचाच, ज्यातून ते काचा पोचवायचे.

त्या दिवशी दोन कायाक वर पालथ्या घालून धरणाकडे निघालो होतो. पुलानंतर रस्ता उघड्यावर येतो. समोरून बस जोरात गेली, डोक्यावर फाटकन आवाज झाला, आणि आरशात मला होडी दिसली, डांबरावर गरागरा फिरताना. मागून दुधाची गाडी येत होती. दूधवाल्यानं ब्रेक मारला. होडी आणि त्याचा बंपर यांच्यात दोन हातांचं अंतर राहिलं. तो खाली उतरला, होडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, ही पाण्यात चालवतात." मी होडीचं टोक धरून ती कडेला ओढायला लागले.

कुणाला लागलं नाही. पण लागू शकलं असतं, आणि हा विचार मनातून जात नाही.

इथल्या वेल्डरला बोलावलं होतं. तो ट्रकभोवती दोनदा फिरला, च्च केलं आणि म्हणाला, "दोन पट्ट्या वाढवून मारतो, काही होत नाही." काय होत नाही, ते मला नेमकं कळायला हवं. तो चहा पिऊन गेला.

एप्रिलच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेला चार कायाक न्यायच्या आहेत. सुरक्षित रॅक असल्याखेरीज मंडळ ट्रक बाहेर काढू देणार नाही. रॅक तुझा आहे. तो दुरुस्त करणं तुझं काम आहे. मापं सोबतच्या कागदावर.

बारकी बरी आहे. अभ्यास चालू आहे.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझी भावजय म्हणाली, "यात आपली खुशाली कुठं विचारली आहे?" मी म्हटलं, ताईचं पत्र आलं की ती ठणठणीत आहे आणि आपलं काहीतरी चुकलंय, एवढं समजायचं.

आता रॅकचं. तो मी आठ वर्षांपूर्वी शिड्या न्यायला केला होता. केबिनच्या टपावर दोन गोल पाइप, एकमेकांपासून जेमतेम तीन फूट. शिडीतून वारा आरपार जातो. ही होडी मी चित्रात पाहिली आहे, बारकीनं पाठवलं होतं. ती वाऱ्याला पंखासारखी. पुढं साडेपाच फूट बाहेर, मागं साडेपाच फूट बाहेर, मध्ये तीन फुटांचा आधार, तोही गुळगुळीत गोल पाइपचा. मला विचारलं असतंस तर नको म्हणालो असतो. तू मला विचारलं नाहीस. तू कुणालाच विचारत नाहीस.

तरी करतो. पण करण्याआधी मला काही गोष्टी हव्या आहेत. चार कायाक उभ्या ठेवायच्या की आडव्या? ट्रकच्या मागच्या हौद्याच्या कडेची उंची तू लिहिली नाहीस. आणि मुख्य म्हणजे, दोर कुठं कुठं बांधले होते, कुणी बांधले होते, त्यातला कुठला तुटला? तुटलेला दोर आणि न तुटलेले दोर, सगळे, गाठी न सोडता, पार्सलनं पाठव. गाठी सोडू नकोस. कापायचे तर गाठीपासून लांब काप.

पुन्हा एकदा लिहितो, कारण तू एकदा लिहिलेलं मनावर घेत नाहीस: गाठी सोडू नकोस.

आणि ताई, मी पंचावन्न वर्षांचा झालो. पाकिटावर तरी "आवळ्या" लिहू नकोस. पोस्टमन हसतो.

तुझा भाऊ


१२ मार्च

चि. आवळ्यास,

(पाकिटावर लिहिलेलं नाही. पाहून घे.)

"उभ्या की आडव्या" हा प्रश्न वाचून डोकं उठलं. उभी म्हणजे काय, शेंड्यावर? आणि आडव्या ठेवल्या तर रस्त्याच्या रुंदीत त्या मावणारच नाहीत. तुला विचारायचं असावं, पालथ्या की कुशीवर. कुशीवर. मध्ये खांब, त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन टेकलेल्या. पालथ्या ठेवल्या तर दोनच मावतात.

हौद्याच्या कडेची उंची जमिनीपासून एकशे अठरा सेंटिमीटर. तीन वेळा मोजली.

दोरांचं. प्रत्येक कायाकला चार. पोटावर दोन, एकेका पाइपला धरून. शेपटाला एक. पुढच्या टोकाला एक, तो खाली बंपरच्या कडीला. पोटावरचे दोन्ही आणि शेपटाचा, असे तिन्ही मी स्वतः बांधले होते, बाबांच्या पद्धतीनं. त्यात चूक असणं शक्य नाही. तिन्ही गाठी आजही जशाच्या तशा आहेत, पार्सलमध्ये पाहशील. होडी गेली तरी माझे तिन्ही फास रॅकवर लटकत होते. तुटला तो पुढचा दोर. तो दुसऱ्या व्यक्तीनं बांधला होता.

दोष तुझ्या गोल पाइपचा आहे आणि त्या पुढच्या दोराचा. मी पदवीला पदार्थविज्ञान घेतलं होतं, एवढं मला कळतं.

दरम्यान तो वेल्डर पुन्हा आला होता. मी घरी नसताना. नळाच्या पाइपला लावतात तसल्या चार पट्ट्या रॅकला आवळून गेला आणि शेजारणीकडे निरोप ठेवला, "आता हत्ती ठेवा." मी एका हातानं पट्टी फिरवली तर ती फिरली. चारही काढून त्याच्या दुकानाच्या पायरीवर ठेवून आले.

काम लवकर कर. अठ्ठावीस तारखेला स्पर्धेच्या संघाची यादी बंद होते.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पार्सल आणि पत्र दोन्ही मिळाली. पार्सल उघडायच्या आत बारकीचं कार्ड आलं होतं. "पत्ता बदलला आहे, मैत्रिणीच्या खोलीवर राहते, काळजी नको." कारण नाही. बारकी कारण देत नाही म्हणजे काय होतं हे तुला माहीत आहे, ती तुझ्यावर गेली आहे. मी तुमच्या मंडळाच्या चिटणिसांना लिहिलं. बिचारे सज्जन आहेत, त्यांनी तुझ्या अहवालाची प्रतच पाठवली.

त्यातलं वाक्य तुझ्याच शब्दांत उतरवतो. "अपघाताचं कारण: पुढच्या दोराची सदोष बांधणी. बांधणारी: माझी भाची. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला होड्या हाताळू देऊ नयेत."

ताई, एकाच होडीची तू दोन कारणं सांगितलीस. मला सांगितलंस रॅक. मंडळाला सांगितलंस माझी मुलगी. आणि मला लिहिताना तिला "दुसरी व्यक्ती" केलंस. तुझ्याकडे दोन वर्षं जेवते ती, दुसरी व्यक्ती! चौकशीत नाव असलेल्याला संघात घेत नाहीत, हेही चिटणिसांनी कळवलं. म्हणजे अठ्ठावीस तारखेला काय होणार ते तुला माहीत होतं, आणि "बरी आहे, अभ्यास चालू आहे" असं लिहून मोकळी झालीस.

मी दोन दिवस पत्राला हात लावला नाही. रागात लोखंड कापलं तर माप चुकतं, म्हणून.

आता दोर. सगळे ओट्यावर मांडले. पुढचा दोर तुटला आहे, पण गाठीजवळ नाही. गाठ घट्ट आहे, दोर मधोमध ताणून तुटला आहे, तंतू लांब लांब ओढले गेलेत. वाईट बांधलेला दोर असा तुटत नाही, सुटतो. हा शेवटपर्यंत एकटाच ओढत होता.

मग तुझे तीन. खरंच शाबूत आहेत. एक तंतू उसवलेला नाही. ओळखीच्याच गाठी त्या, बाबांच्या. मग तुझ्या कागदावरून रॅकच्या पाइपचं आणि होडीचं माप घेऊन लाकडाचा ठोकळा केला, त्यावर तुझा फास घातला आणि फटीत बोटं घालून पाहिली. दोन बोटं बसली. बरोबर दोन.

आठवतं ना? "काचेला कधी आवळायचं नाही. दोन बोटं ढील ठेवायची. खड्ड्यात गाडी बसली की काचेला हलायला जागा लागते, नाहीतर ती तडकते." एकोणिसाव्या वर्षी मी कपड्यांच्या दुकानाची सात फुटी काच आवळली आणि पहिल्या वळणावर ती गेली. तेव्हापासून मी आवळ्या. ती चूक माझीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण ही काच नव्हे, ताई. ही होडी. हिला हलायला दोन बोटं दिली की ती दोन हात मागते. तुझे तीन फास नुसते अंगाभोवती होते, धरून कुणीच नव्हतं. सगळा वारा त्या पुढच्या एका दोरानं पेलला, तो तुटला, आणि होडी तुझ्या तीन शाबूत गाठींतून साबणासारखी निसटली. तुझ्या गाठी शाबूत आहेत, हाच तुझ्याविरुद्धचा पुरावा आहे.

रॅकही चुकीचा होताच. ते मी मान्य करतो. पण नुसत्या रॅकनं होडी उडाली नाही, आणि बारकीनं तर नाहीच.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. करून पाहा. होडी रॅकवर ठेव, तुझे तीन दोर तुझ्या पद्धतीनं बांध, पुढचा बांधू नकोस. मग पुढच्या टोकाला उभी राहून वर उचलून मागं ढकल. तुझं पदार्थविज्ञान मला सांगेल ते मी ऐकेन.

एक विचारतो. काच फुटली तेव्हा बाबांनी मला त्यांच्या काचेच्या दुकानाबाहेर काढलं, पण त्याआधी विचारलं होतं, "का रे आवळलीस?" तू बारकीला काही विचारलंस का?

तुझा भाऊ


१९ मार्च

पत्र मिळालं.

स्वतःच्या मुलीला वाचवण्यासाठी तू बाबांच्या गाठीला नावं ठेवावीस हे मला अपेक्षित नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी काचा पोचवल्या, फुटली ती एकच, आणि ती कुणी बांधली होती हे तूच लिहिलं आहेस.

चिटणिसांना परस्पर पत्र लिहिणं बरं दिसत नाही. अहवाल मी जे पाहिलं त्यावरून लिहिला. तुटलेला दोर तिनं बांधला होता, हे सत्य आहे. नात्यातली म्हणून तिला झाकलं असतं तर तूच म्हणाला असतास, ताई आपल्या माणसांना झुकतं माप देते.

तुला फक्त रॅकबद्दल विचारलं होतं. रॅक कधी मिळेल ते कळव.

ताई


२१ मार्च

आत्या,

माझं लाइफ जॅकेट तुझ्या मागच्या दाराच्या खुंटीवर आहे आणि वल्ह्याचे हातमोजे बहुतेक फ्रिजवर. (का ते विचारू नकोस.) शनिवारी तू बाहेर असशील तेव्हा येऊन घेऊन जाईन. किल्ली पायपुसण्याखाली ठेवू नकोस, सगळ्या गल्लीला माहीत आहे.

खोलीवर बरं चाललं आहे. पलंग एक, आम्ही दोघी, आणि माझी मैत्रीण झोपेत वल्हं मारते. डावीकडून जास्त. नदीत असती तर गोल गोल फिरली असती.

बाबांचं पत्र आलं. तुमचं काहीतरी जुंपलंय असं दिसतंय. त्यांनी मला विचारलं, "दोर आधीपासून असेच होते का?" मी उत्तर दिलं नाही. तुलाही आज पहिल्यांदाच लिहिते, म्हणजे तुला कोडं पडायला नको. त्या रविवारी पोटावरचे दोन आणि शेपटाचा दोर मी आधी बांधले होते, चांगले गच्च, आणि तू येऊन "प्लास्टिक चेपेल, तुझ्या बापावर गेली आहेस" म्हणून तिन्ही सोडलेस आणि परत बांधलेस, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मंडळाला नाही, बाबांनाही नाही. सांगणारही नाही. ते तुझं आहे. तू सांगायचं तर सांग, नाही तर राहू दे.

फक्त एक. त्या दिवशी दूधवाला गेल्यावर आपण दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "काय बांधलं होतंस तू?" मी वाट बघत होते की तू वळून बघशील.

तुझ्या कुंडीला पाणी घाल. ते काम माझं होतं.

बारकी


२४ मार्च

चि. भावास,

करून पाहिलं.

आज रविवार. सकाळी साडेसहाला मंडळाच्या शेडसमोर ट्रक लावला. एकटीला होडी वर चढवता येत नाही, म्हणून चिटणिसांना बोलावलं. त्यांना कारण सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "पाहा आणि जे दिसेल ते लक्षात ठेवा." तीन दोर बांधले, नेहमीसारखे. पुढचा नाही. मग मी पुढच्या टोकाला गेले, दोन्ही हातांनी टोक उचललं आणि मागं ढकललं.

मला वाटलं होतं, जोर लागेल.

होडी एका दमात मागं गेली. चिटणीस "अहो, अहो" करत मागं धावले आणि शेपूट खांद्यावर झेललं. तिन्ही फास रॅकवर हलत राहिले. चिटणीस होडीखालून म्हणाले, "बाई, ही तर गेली." बाई म्हणाल्या, "हो."

मग तिन्ही सोडून गच्च बांधायचे ठरवले. इथं मला जे कळलं ते तुला सांगणं भाग आहे. मला आवळता येत नाही. ताकद नाही असं नव्हे. दोर ओढते, शेवटची गाठ मारायची वेळ येते आणि डाव्या हाताची दोन बोटं आपोआप दोराखाली जातात. मी त्यांना पाहत होते आणि तरी ती जात होती. तीनदा सोडलं, तीनदा बांधलं. चौथ्यांदा चिटणिसांना बांधायला सांगितलं. मग ढकललं तर होडी हलली नाही, आख्खा ट्रक स्प्रिंगवर डुलला. प्लास्टिक चेपलंही नाही.

बाबांच्या गाठीत चूक नव्हती. बाबांनी काच बांधली. मी पस्तीस वर्षं काच नसलेल्या गोष्टींना काचेसारखं बांधत आले आणि त्याला पद्धत म्हणत आले.

आता जे तुला माहीत नाही ते. ते तिन्ही दोर बारकीनं आधी गच्च बांधले होते. मी ते सोडले. तिला तुझ्यावरून बोललेही. मंडळाला हे सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, आणि गेले तीन आठवडे स्वतःलाही दुसरंच काही सांगत होते. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. मी तिला काही विचारलं नाही. मी तिच्यावर आरोपच केला, फक्त त्याला प्रश्नचिन्ह लावलं.

दुपारी मंडळाला नवा अहवाल दिला आहे. पहिला मागं घेतला. नव्यात दोन कारणं: रॅकचा आधार अपुरा, आणि पोटावरच्या व शेपटाच्या दोरांत जाणूनबुजून ठेवलेली ढील, ठेवणारी मी. चिटणीस म्हणाले, "बाई, 'अनवधानानं' असं लिहू या." मी म्हटलं, अनवधान कसलं, बोटं घालून मोजली होती. वाहतुकीची जबाबदारी सोडत असल्याचंही त्यात आहे. त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं क्षणभर वाटलं, मग ते योग्यच होतं असं वाटलं.

बैठक सत्तावीसला. रॅक तोपर्यंत बसला तर त्यांच्यासमोर दाखवता येईल. जमेल का, ते लिही. न जमल्यास स्पष्ट लिही, "बघतो" लिहू नकोस.

ताई

ता. क. घरी सगळे कसे आहेत?


२५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र ज्या माणसाहाती आलं त्याच्याच हाती देतोय, आज पोचेल. उद्या दुपारपर्यंत येतो, रॅक घेऊन. तुझ्या पत्राची वाट पाहत थांबलो नव्हतो, अठरा तारखेलाच कापायला घेतलं होतं.

तुझा ता. क. तुझ्या भावजयीला दाखवला. तिनं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, कान सोडून सगळं बरं आहे म्हणावं.

तू बारकीकडे जाऊन आलीस का? पत्रानं नाही. चालत.

तुझा भाऊ


२८ मार्च

सुपूर्दनामा

आज सकाळी मंडळाच्या शेडसमोर, चिटणीस व रॅक बनवणारे यांच्यासमक्ष, मी खालील गोष्टी माझ्या भाचीच्या ताब्यात दिल्या. कालच्या बैठकीनुसार होड्यांच्या वाहतुकीची जबाबदारी यापुढे तिची. तिचं नाव संघाच्या यादीत आहे. ही यादी आज सायंकाळी बंद होते.

ट्रक, जुना, चालू स्थितीत. किल्ल्या दोन. दुसरी पायपुसण्याखाली होती, ती तिथून काढली आहे.

नवा रॅक, ट्रकवर बसवलेला. चौकोनी पाइपच्या आडव्या पट्ट्या दोन, एक केबिनच्या लगेच मागे, एक हौद्याच्या मागच्या टोकावर, मधलं अंतर दोनशे दहा सेंटिमीटर. दोन्हीवर जाड रबर. पाय चार, हौद्याच्या पत्र्यातून आरपार बोल्ट करून खाली लोखंडी पाट्या घातलेल्या. मधले खांब दोन, होड्या कुशीवर टेकण्यासाठी, काढता येणारे.

बकलचे पट्टे आठ. हे ओढून बसवायचे असतात, गाठ मारावी लागत नाही. पट्ट्याला एक पीळ द्यावा, नाहीतर तो वाऱ्यात गुणगुणतो. रॅक बनवणाऱ्यांना ते ऐकू येत नाही, इतरांना येतं.

पुढच्या आणि मागच्या टोकांचे दोर आठ, नवे. मागे लावायचं लाल कापड एक.

वापराची सूचना. निघण्यापूर्वी, पहिल्या दहा किलोमीटरनंतर, आणि प्रत्येक थांब्यावर बांधणी तपासावी. तपासताना पट्ट्याखाली बोट जाता कामा नये. एकही नाही. पुढच्या पट्टीवर, चढताना डोळ्यांसमोर येईल अशा ठिकाणी, रॅक बनवणाऱ्यांनी वेल्डिंगनं एक शब्द काढला आहे: आवळा. हे त्यांनी मला न विचारता केलं. मी हरकत घेतलेली नाही.

बाबांचा काच बांधायचा दोर ट्रकमधून काढला आहे. तो कुणालाही दिलेला नाही. माझ्याकडे राहील. काचेसाठी तो अजूनही बरोबर आहे.

देणार: आत्या

मिळालं. मोजलं. चार होड्या चढवल्या, आत्यानं हट्टानं एक पट्टा स्वतः ओढला. मी तो तिच्यासमोर सोडला आणि पुन्हा ओढला. तिनं शेजारी उभं राहून पूर्ण पाहिलं, आणि मग विचारलं, "असाच का?" मी सांगितलं.

घेणार: बारकी